निन्जा ६५० : हौस आणि हप्ता

पालघर ते बोईसर या रेल्वेप्रवासात मध्ये उमरोळी हे एकच स्थानक लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेला मुलगा एवढ्या अंतरासाठी कावासाकी निन्जा ६५० मागतो, तेव्हा वडील कपाळाला हात लावतात. तरीही गाडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ६४९ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, ६८ पीएस शक्ती. आसन ७९० मिलिमीटर उंचीवर, म्हणजे मध्यम उंचीच्या चालकाचेही पाय टेकावेत. पहाटे मनोरहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने गुजरातकडे निघणाऱ्याला ती मनापासून आवडेल.

बोईसरच्या वाहतुकीत मात्र टँकरांच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, १९६ किलो वजन तोलत खड्डे चुकवावे लागतात. रोजच्या कामाला साधी सव्वाशे सीसीची गाडीच बरी.

कर्जाचे गणित वेगळेच. सहा लाख रुपये, दहा टक्के व्याज, मुदत पाच वर्षे धरली तर मासिक हप्ता सुमारे १२,७५० रुपये येतो आणि व्याजच १ लाख ६५ हजारांच्या घरात जाते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील दुचाकींवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. नव्या नोकरीत हा हप्ता जड जाईल.

हौस मोडवत नसेल, तर नीट राखलेली जुनी गाडी पाहावी. साखळी, टायर व सर्व्हिसच्या नोंदी तपासाव्यात. नोंदणीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.