विश्लेषण : ‘ईपीएस’ वाढला म्हणजे कंपनी सुधारली का?

तिमाही निकालांचा हंगाम आला, की ट्रेडिंग अॅपवर ‘ईपीएस’चा आकडा ठळक दिसू लागतो. तो वाढलेला दिसताच अनेक छोटे गुंतवणूकदार शेअर खरेदी करतात. हा आकडा उपयोगाचा आहे, पण एकट्या त्याच्या भरवशावर कष्टाचे पैसे लावणे धोक्याचे ठरू शकते.

ईपीएस म्हणजे काय?

ईपीएस म्हणजे प्रति समभाग मिळकत. निव्वळ नफ्यातून प्राधान्य समभागांचा लाभांश वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला समभागांच्या सरासरी संख्येने भागायचे. नफा १०० कोटी आणि समभाग १० कोटी असतील, तर ईपीएस १० रुपये. कंपनीने नवे समभाग विकून व्यवसाय वाढवला, तर एकूण नफा फुगलेला दिसतो. जुन्या भागधारकाच्या वाट्याला त्यातले किती आले, हे ईपीएस सांगतो. हीच त्याची खरी ताकद.

दोन कंपन्यांची तुलना करता येते?

नाही. २०२३-२४ मध्ये ‘रिलायन्स इंडस्ट्रीज’चा ईपीएस सुमारे १०३ रुपये होता, तर टायर बनवणाऱ्या ‘एमआरएफ’चा ४,९०० रुपयांच्या आसपास. नफा मात्र रिलायन्सचाच कित्येक पटींनी मोठा. फरक समभागांच्या संख्येचा आहे. एमआरएफचे समभाग जेमतेम ४२ लाख आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला आणि समभाग दुप्पट झाले. त्यामुळे जुना ईपीएसही नव्या हिशेबात निम्मा दाखवला जातो. व्यवसाय मात्र तोच राहिला.

नफा न वाढता ईपीएस वाढतो का?

वाढतो. वरच्याच उदाहरणातील कंपनीने २ कोटी समभाग बाजारातून परत विकत घेतले, तर १०० कोटींच्याच नफ्यावर ईपीएस १२.५० रुपये होतो. पुनर्खरेदी गैर नाही. ‘टीसीएस’ने २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांची पुनर्खरेदी केली, त्यातून कमी झालेले समभाग एक टक्क्याच्या आसपास होते. मात्र कर्ज काढून पुनर्खरेदी झाली असेल, तर वाढलेल्या ईपीएससोबत व्याजाचा बोजाही वाढतो. जमीन विकून एकदाच मिळालेला पैसाही त्या वर्षीचा ईपीएस फुगवतो.

नफाच खोटा असेल तर?

मग ईपीएसही खोटाच. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. तोवर कागदावरचा नफा आणि त्यावर काढलेला ईपीएस उत्तमच दिसत होता.

मग काय पाहावे?

एका तिमाहीऐवजी पाच वर्षांचा ईपीएस पाहावा. ‘बेसिक’सोबत ‘डायल्युटेड’ आकडाही तपासावा. कर्मचाऱ्यांना दिलेले स्टॉक ऑप्शन आणि परिवर्तनीय रोखे समभागांत बदलले तर काय उरेल, हे त्यातून कळते. नफ्याइतकी रोख व्यवसायातून खरोखर येते का, कर्ज किती आणि एकरकमी उत्पन्न किती, हेही पाहावे. ही माहिती कंपनीच्या निकालांत आणि वार्षिक अहवालात असते, अॅपच्या पहिल्या स्क्रीनवर नाही. ईपीएस वाढला, की नफा वाढला की समभाग घटले, हा प्रश्न आधी विचारावा. खरेदीचे बटण त्यानंतर.