बेण्याची दृष्टी कुंडीतही हवी

कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास कांडीपासून पीक उभे करण्याची विद्या नव्याने शिकवावयास नको. उसाचे बेणे निवडावे, डोळा सांभाळून टिपरी तोडावी आणि ती सरीत दाबावी, हे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु ओसरीवरील ड्रॅसिनाच्या कुंडीपाशी आला की हाच शेतकरी ती विद्या विसरतो. झाड उंच होऊन वाकते, खालची पाने गळतात, शेंड्याला केवळ एक तुरा उरतो. मग ‘झाड म्हातारे झाले’ म्हणून ते उकिरड्यावर जाते व पैसे देऊन दुसरे आणले जाते. वस्तुतः टाकून दिलेले ते खोड म्हणजे उत्तम बेणे होय.

शोभेच्या झाडाचा शेतीशी काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. ड्रॅसिना मूळचे आफ्रिकेतील आहे. त्याची मक्यासारख्या पानांची जात, ड्रॅसिना फ्रॅग्रन्स, टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या उतारावरील चग्गा शेतकरी आपल्या जमिनीच्या हद्दीवर लावतात. म्हणजे शहरी दिवाणखान्यातील हे झाड शेतकऱ्याच्या बांधालाही परके नाही. आज कचेऱ्यांत व हॉटेलांत त्याच्या कुंड्या सर्रास दिसतात. ती रोपे तयार करण्याच्या कामात खेड्यातील महिला बचत गटांनी व तरुणांनी वाटा का घेऊ नये?

यासाठी प्रथम छाटणीची भीती जावयास हवी. अख्खा ऊस सरीत आडवा टाकला, तर शेंड्याकडील डोळे आधी फुटतात व बुडख्याकडील मागे राहतात. म्हणूनच त्याची दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी करतात. ड्रॅसिनातही हाच नियम चालतो. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे द्रव्य खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा कापताच कापाच्या खालचे निद्रिस्त डोळे जागे होतात व बहुधा दोन किंवा अधिक फुटवे निघतात. एकदांडी झाड भरदार होते आणि कापलेला भाग लागवडीस मिळतो.

थंडी सरून उन्हाळा लागताना हे काम करावे; डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात मुळ्या फार सावकाश फुटतात. धारदार व स्वच्छ सुरीने शेंड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याची खालची पाने काढावीत. उरलेल्या खोडाचे ८ ते १० सेंटिमीटर लांबीचे, प्रत्येकी किमान दोन पेरांचे तुकडे करावेत. खालचे टोक तिरपे व वरचे सरळ कापावे, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. उलटे लावलेले तुकडे सहसा वाया जातात. वाळू आणि चांगले कुजलेले खत यांचे निचऱ्याचे मिश्रण भरावे, पिशव्या सावलीत ठेवाव्यात व ओल बेताची राखावी. शेंड्याच्या तुकड्यास साधारण ३ ते ६ आठवड्यांत मुळ्या फुटतात. पाने नसलेल्या तुकड्यांस अधिक काळ लागतो. पावसाळ्यात पिशव्या आडोशाखाली घ्याव्यात, कारण साचलेल्या पाण्याने खोड कुजते.

शेतातील दोन सवयी मात्र येथे सोडाव्या लागतील. मातीत मूठभर सुपर फॉस्फेट मिसळण्याची सवय येथे घातक ठरते. त्यातील फ्लोराइडमुळे ड्रॅसिनाच्या पानांची टोके करपतात. दुसरे, उसाच्या वाड्याप्रमाणे ही पाने गव्हाणीत टाकू नयेत. त्यांत सॅपोनिन असते व ती खाल्ल्याने कुत्र्या-मांजरांस विषबाधा होते.

सर्वांत मोठी गोष्ट मातृवृक्षाची. गवताळ वाढीचा रोग जसा रोगट बेण्यातून साऱ्या उसात पसरतो, तसेच पिठ्या ढेकूण व खवले कीड एका झाडाच्या तुकड्यांबरोबर सर्व पिशव्यांत जाते. जे फुकट मिळते ते बेणे, असे समजू नये. निरोगी झाड निवडून ते वेगळे राखावे. बेणेमळ्याची शिस्त लहान कामातही तीच आहे.

विक्री करताना सचोटीही हवी. हे झाड घरातील हवा शुद्ध करते, असे सांगून ते विकले जाते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा त्यास आधार दिला जातो. परंतु ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा खऱ्या घरात असा परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे लागतील, असे दिसून आले. ड्रॅसिना सुंदर आहे आणि कमी उजेडातही टिकते, एवढे खरे सांगितले तरी पुरे. खोट्या गुणाने खपलेले रोप पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत आणीत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामाचा गाजावाजा करू नये आणि मोठ्या कमाईचे आश्वासन तर मुळीच देऊ नये. एक निरोगी झाड, एक सुरी आणि वीस पिशव्या यांवर गावात प्रात्यक्षिक करून दाखवावे. किती तुकडे जगले याची नोंद ठेवावी, जवळच्या रोपवाटिकेत भावाची चौकशी करावी आणि गिऱ्हाईक नक्की झाल्यावरच संख्या वाढवावी. ज्या हातांस उसाचा डोळा ओळखता येतो, त्यांस कुंडीतील डोळा ओळखणे अवघड नाही.