पार्सनिप, कपाशी आणि एक लाकडी पेटी

शेतीच्या कुठल्याही व्हिडिओ गेमबद्दल दोन माणसं बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला एकच प्रश्न येतो. सगळ्यात जास्त पैसे देणारं पीक कोणतं? जून २००९ मध्ये फार्मविल आलं, तेव्हा अर्धं हापिस दर चार तासांनी स्ट्रॉबेरी काढत बसायचं. २०२० च्या ३१ डिसेंबरला ते बंद पडलं, प्रश्न मात्र बंद पडला नाही. २०१६ मध्ये स्टारड्यू व्हॅली आलं, आणि त्यातल्या पिकांच्या एक्सेल शीट बघितल्या तर एखाद्या बँकेच्या ऑडिटरला रडू यावं.

गणित सोपं आहे. पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी) चं बी २० ला, माल ३५ ला, पीक ४ दिवसांत. म्हणजे चौकोनाला दिवसाला पावणेचार. फ्लॉवरचं बी ८०, माल १७५, दिवस १२. दिवसाला जवळजवळ आठ. २८ दिवसांच्या हंगामात पार्सनिप सहा वेळा काढलं तरी ९० सुटतात, फ्लॉवर दोनदाच काढला तरी १९०. संपला विषय. फ्लॉवर लावा.

या गणितावर माझं काहीही म्हणणं नाही, मीही ते आवडीने करतो. माझा राग आहे तो त्यानंतर हमखास येणाऱ्या वाक्यावर. "मग तुमच्याकडचे शेतकरी हे का करत नाहीत? दरवर्षी तेच कापूस-सोयाबीन, कापूस-सोयाबीन.. जरा डेटा बघितला असता तर.."

हे वाक्य मी कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये आणि एकदा तर चक्क लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे. म्हणणारी माणसं वाईट नसतात. पण एक गेम जिंकून एका अख्ख्या तालुक्याला बिनडोक ठरवण्याचा हा जो आत्मविश्वास आहे ना, त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

तर मी मूळचा मोताळ्याचा. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालं की वाटेत लागतं ते. आमच्या जिल्ह्यात माणसांचे दोनच प्रकार, घाटावरचे आणि घाटाखालचे. आम्ही घाटाखालचे. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, मका, तूर, पाणी असेल तर रब्बीला हरभरा. हा गेम मी एकदा काकांना समजावून सांगत होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुह्या त्या गेमात व्यापारी नाही का रे?"

आता बोला!

खरंच, नाही. गेममध्ये घराशेजारी एक लाकडी पेटी असते. दिवसभरात त्यात काय हवं ते टाका, एक फ्लॉवर टाका नाहीतर हजार. सकाळी उठेपर्यंत पैसे जमा. भाव ठरलेला, हजाराव्या फ्लॉवरलाही तोच. नोंदणी नाही, रांग नाही, बारदाना संपला म्हणून खरेदी बंद नाही. प्रतवारी आहे, पण ती फक्त वर जाते. माल चांगला निघाला तर सव्वापट, दीडपट, दुप्पट. साधा निघाला तर मूळ भाव पक्का. "ओल आहे, माती आहे, काडीकचरा आहे" म्हणून क्विंटलमागे दोनशे कापणारं त्या पेटीत कोणी बसलेलं नाही.

मंडळी, या पेटीला आपल्या भाषेत एक शब्द आहे. हमीभावाने संपूर्ण खरेदी, मर्यादेशिवाय, रोख. म्हणजे ज्या गोष्टीसाठी शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर येतो, ती या गेममध्ये पहिल्या दिवसापासून अंगणात ठेवलेली असते. आपण तिच्या जोरावर श्रीमंत होतो आणि त्याला स्वतःची हुशारी म्हणतो. वर जमीन आजोबांकडून फुकट आलेली. सोसायटीचं पीककर्ज नाही आणि मार्चमध्ये त्याचं नवं-जुनं करायची धावपळही नाही. पाऊस आला की तो चांगलाच असतो, कारण त्या दिवशी पाणी द्यायचे कष्ट वाचतात. पिकाला त्रास कोणाचा, तर कावळ्यांचा, आणि एक बुजगावणं उभं केलं की तोही मिटतो. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं बुजगावण्याला विचारत नाहीत, रात्रीची जागल करावी लागते.

मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मंग तं थो गेम सरकारनंच काढला असंन." :)

आता पेटी नसली की त्या एक्सेलचं काय होतं ते बघा.

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता. त्या वेळी सोयाबीन होतं कोणाकडे? शेतात हिरवं उभं होतं. ऑगस्टमध्येच केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये नवा माल बाजारात आला तेव्हा भाव निम्म्यावर. ज्याने 'डेटा बघून' पेरलं, त्याचा डेटा बरोबर होता, फक्त तो दुसऱ्याच महिन्याचा होता.

कापसाचं तेच. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात भाव सात-आठ हजारांवर रेंगाळला, तेव्हा लोकांनी आणखी चढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवला. गेममध्ये माल साठवायला एक पेटारा लागतो आणि त्यात काही खराब होत नाही. खऱ्या घरात कापसाच्या ढिगाशेजारी झोपलेल्या पोरांच्या अंगाला खाज सुटते, आणि कापूस वाळून वजनात घटतो तो वेगळाच.

आणि २०२५? मोताळ्यात कपाशी जूनमध्ये लागते. १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. पेरणीनंतर दोन महिन्यांनी नियम बदलले! गेमच्या एखाद्या अपडेटने असं केलं असतं, तर आपल्याच लोकांनी एकेक तारा देऊन कंपनीला रडवलं असतं.

अर्थशास्त्रात या प्रकाराला कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे. मॉर्डेकाय इझिकिएल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्ये तो नीट मांडला. गेल्या वर्षीचा भाव बघून सगळे तेच पीक लावतात, माल वाढतो, भाव पडतो, मग सगळे ते सोडतात आणि पुन्हा भाव चढतो. म्हणजे 'सगळ्यात फायद्याचं पीक' हे उत्तर सगळ्यांनी वापरलं की चुकीचं ठरतं. गेममध्ये ते चुकत नाही, कारण तिथे तुम्ही एकटेच शेतकरी आहात. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये एकाच ठिकाणी फार माल ओतला तर भाव उतरतो खरा, पण काही काळ थांबलं की पुन्हा वर येतो. थांबणं परवडायला काय लागतं, ते मात्र तो गेम विचारत नाही.

मग मोताळ्याचा माणूस काय करतो? थोडी कपाशी लावतो, कारण ती एकदम जात नाही, दोन-तीन वेचण्यांत पैसे येतात. सोयाबीन लावतो, कारण ते दिवाळीच्या सुमारास हातात येतं आणि हरभऱ्याला रान मोकळं करतं. त्यात तुरीच्या ओळी टाकतो, कारण सोयाबीन पावसात गेलं तरी तूर उभी राहते. थोडा मका, कारण भाव नाही मिळाला तरी गुरांना चारा होतो. याला 'दरवर्षी तेच' म्हणणाऱ्याने आपल्या म्युच्युअल फंडांची यादी एकदा काढून बघावी. आपण पाच फंडांत पैसे टाकले की ते नियोजन, आणि काकांनी चार पिकं लावली की अडाणीपणा?

तुम्ही म्हणाल, हमीभाव आहे की! आहे ना. २२ पिकांना जाहीर होतो. पण २०१५ च्या शांता कुमार समितीने सांगितलं की सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकू शकणारे शेतकरी देशात जेमतेम ६ टक्के. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४८९२, बाजारात मिळत होते चार-सव्वाचार हजार. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ती १५ केली नोव्हेंबरच्या मध्यावर, तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि ज्याला पैशाची घाई होती त्याने माल विकून टाकला होता. भाव छापणं वेगळं आणि पेटी ठेवणं वेगळं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. पेटी ठेवली की पंजाब होतो, सगळे भात-गहू लावतात आणि जमिनीतलं पाणी संपतं. बरोबर. पण पंजाबात पेटी ठेवली ती दोनच पिकांना. बाकीच्यांचा भाव कागदावर. तूर, हरभरा, सोयाबीन, ज्वारीलाही तितक्याच खात्रीने पेटी असती तर? सगळा माल सरकारने उचललाच पाहिजे असंही नाही. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये सोयाबीनला भावांतर योजना लावली, बाजारभाव आणि हमीभाव यातला फरक शेतकऱ्याच्या खात्यात. त्या योजनेतल्या त्रुटींवर जरूर भांडा. भांडण निदान योग्य जागी होईल.

तोवर ज्यांना डेटाची फारच हौस आहे त्यांच्यासाठी मी एक 'मोताळा मोड' सुचवतो. नियम तीनच. एक, भाव पेरताना दिसणार नाही, कापणीनंतर दिसेल. दोन, पेटी हंगामात काही आठवडेच उघडेल, आधी नोंदणी करायची, आणि ओल जास्त असली तर माल परत. तीन, दर तीन हंगामांत एकदा, पेरणी झाल्यावर, नियम बदलतील. हे तीन नियम लावून सलग दहा हंगाम खेळा, दिवाळं न काढता. मग खुशाल विचारा की कपाशीच का लावता.

असो. हापिसातल्या फ्लॉवरवाल्यांनी गेम खेळावा, मीही खेळतोच. फक्त पुढच्या वेळी कोणी हमीभावाला 'फुकटची सवय' म्हणालं, तर त्याला त्याच्या अंगणातली लाकडी पेटी दाखवा.