घोषणा खूप झाल्या, आता हिशेब मांडा!



बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी महाराष्ट्रात आलीच पाहिजेत, ही मागणी आमची आहे आणि ती सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव एकमताने केला. बाके वाजली. पुढे काय? गावे होती तिथंच आहेत. २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, त्यालाही वीस वर्षे उलटून गेली. आम्ही शेलारचे मागावर राबणारे लोक विचारतो, लढा म्हणजे नुसता ठराव, नुसती सभा, नुसता एक दिवसाचा बंद असतो काय हो? मागावर नवा पोरगा आला तर त्याला आधी तुटलेला धागा जोडायला शिकवतात, मग माग हाती देतात. चळवळीत मात्र पहिल्याच दिवशी हातात झेंडा देतात आणि म्हणतात, ओरड!

शिकायला लांब जायला नको. संयुक्त महाराष्ट्राचा लढा हीच आमची शाळा. पण त्या लढ्याची गोष्ट सांगताना पुढारी मंडळी फक्त हुतात्मे सांगतात. हुतात्म्यांपुढे आमची मान लवलेलीच आहे, त्यातले कितीतरी गिरणीतले आमचेच भाऊ होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी १५ जण पडले, १९५६ च्या जानेवारीत त्याहून किती तरी जास्त. परंतु गोळ्या खाल्ल्या म्हणून मुंबई मिळाली असे जो सांगतो, तो अर्धेच सांगतो. एवढे रक्त सांडल्यावर १ नोव्हेंबर १९५६ ला दिल्लीने आमच्या पदरात टाकले काय? द्वैभाषिक! रक्त पाहून दिल्ली हलली नाही. मग हलली कशाने?

ती हलली हिशेबाने. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. त्यात कोण कोण होते ते पाहा. कम्युनिस्ट आणि समाजवादी, ज्यांचे एरवी एकमेकांशी वाकडे. शेतकरी कामगार पक्षाचे गाऱ्हाणे निराळे, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दुःख त्याहून निराळे. यांनी आपापली भांडणे मिटवली नव्हती, बाजूला ठेवली होती. मिटवायला बसले असते तर आजही बसलेच असते! एक मागणी धरली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, आणि ती मागणी शेतकऱ्याच्या बायकोलाही एका दमात सांगता येईल अशी ठेवली. १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर हे शाहीर गावोगाव गेले. ज्याला वाचता येत नाही त्याच्या कानात डफ घातला म्हणा ना!

आणि मग १९५७ ची निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडला अगदी थोड्या मतांनी तरले. सरकार टिकले ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या आमदारांवर. गोळीला दिल्ली भ्याली नव्हती, पण मताला भ्याली, कारण १९६२ ची निवडणूक समोर दिसत होती.

आणखी एक गोष्ट आमच्या सभांत कुणी सांगत नाही. त्याच वेळी गुजरातेत इंदुलाल याज्ञिकांची महागुजरातची चळवळ चालू होती. गुजराती माणसालाही ते द्वैभाषिक नको होते. एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी धक्के बसत होते, म्हणून भिंत पडली. नुसता गुजराती दुकानदाराला शिव्या घालणारा त्या वेळी लढ्याच्या कामाचा नव्हता, आजही नाही.

आता सीमाभागाकडे या. राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेचा आहे. म्हणजे सही दिल्लीत आहे. मग दगड कुणावर पडतात? एसटीवर आणि कर्नाटकच्या बसवर! आत बसलेला ड्रायव्हर आमच्यासारखाच पाळीवाला. त्याची काच फोडून दिल्लीतल्या कुणाची झोप उडणार आहे, सांगा बरं. आणि मतांचे म्हणाल तर २०१८ आणि २०२३ दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार कर्नाटकच्या विधानसभेत गेला नाही. मराठी माणूस तिथून नाहीसा झाला काय? नाही. फूट पडली. १९५६ ला जे जमले ते इथे जमेना. डांग आणि उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेले ते गेलेच. १ मेचे पेढे वाटून झाल्यावर समिती पांगली आणि सीमेवरचा माणूस एकटा पडला, हे कडू आहे पण खरे आहे.

दुसरा धडा आमच्या धंद्यातला आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. असा संप जगात क्वचित झाला असेल. हिंमत कमी नव्हती. पण बाजारात कापड येतच राहिले, कारण भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे माग धडधडत होते. मालकाच्या हाती दुसरा दरवाजा उघडा होता. शेलारला आजही तसेच. एका शेडने माग बंद केले तर शेठ त्याच रात्री बीम नदीनाक्यापलीकडच्या शेडला देतो. म्हणून माग कुणाचा ते विचारण्याआधी सूत कोण देतो ते विचारावे. हद्दीच्या लढ्यातही दिल्लीचा दुसरा दरवाजा कोणता, तो शोधला पाहिजे.

आमच्या शेडमध्ये उत्तर प्रदेशचा भय्या आहे, तेलुगू पद्मशाली आहे. त्यांना हा लढा सांगायचा की नाही? आम्ही म्हणतो, सांगायचाच. पोट्टी श्रीरामुलू आंध्रासाठी १५ डिसेंबर १९५२ ला उपोषणात मेले आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झाले, हे त्या तेलुगू भावाच्या घरातले आहे. त्याला बेळगावचे दुःख दोन वाक्यांत कळेल.

तेव्हा पुढच्या मोर्चाआधी आम्ही शेलारला सुट्टीच्या दिवशी बसणार आहोत. भाषण नाही, हारतुरे नाहीत. आपल्या भागातला खासदार कोण, त्याला कुठल्या गावांत किती मते पडली, त्याने सीमाप्रश्नावर लोकसभेत आजवर कितीदा तोंड उघडले, हे कागदावर मांडायचे. कुठल्या संघटना या एका मागणीपुरत्या सोबत येतील, त्यांच्याकडे कोण जाणार, कोणत्या तारखेला जाणार, तेही लिहायचे. ज्याला लिहिता येते त्याने वही आणावी. ज्याला येत नाही त्याने आपल्या शेडमध्ये किती माणसं आहेत आणि ती कुठकुठली आहेत ते मोजून यावे.