रातंजनकर: पोथीपलीकडचे पंडित

१/ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले, तेव्हा भंडारा जिल्हा आणि शेजारचे खैरागड एकाच मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबरला भंडारा मुंबई राज्यात आला. सीमेपलीकडे राहिलेल्या त्या विद्यापीठाचे कुलगुरुपद पुढे एका मुंबईकर पंडिताने भूषविले: श्रीकृष्ण नारायण रातंजनकर.

२/ भातखंड्यांचे पोथीनिष्ठ पट्टशिष्य ही त्यांची रूढ ओळख अपुरी आहे. भातखंड्यांकडून त्यांनी शास्त्र घेतले, तर गायकी बडोद्यात आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांकडून.

३/ 'सुजन' या नावाने त्यांनी विपुल बंदिशी रचल्या. 'अभिनव गीतमंजरी'त त्या स्वरलिपीसह छापल्या. मार्गबिहाग, केदारबहार, सालगवराळी हे राग घडविले. ज्या काळी घराणी चिजा लपवून ठेवीत, त्या काळी स्वतःची निर्मिती अशी खुली करणे, हीच त्यांची खरी आधुनिकता.

४/ वर्गात गवई घडत नाहीत, हा आक्षेप जुनाच. लखनौच्या मॅरिस कॉलेजात त्यांच्या हाताखाली कृ. गुं. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी घडले. मात्र गिंडे बालपणापासून गुरुगृही राहत होते, हेही विसरू नये. रातंजनकरांनी वर्ग चालविला, पण तालीम सोडली नाही.

५/ १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७४ मध्ये ते निवर्तले. राज्याची सीमा बदलली म्हणून विदर्भाने आपल्या कुशीलगतचा हा अध्याय परका मानू नये. संगीताच्या इतिहासात गायकांइतकेच स्थान रचनाकार-शिक्षकालाही मिळायला हवे.