मागणी पुरी, मांडव रिकामा

कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, जनसंघ, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य असलेले हे पक्ष मराठी भाषकांच्या राज्याच्या मागणीसाठी १९५६ साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र नांदले.

१९५७च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. समितीचे समाजवादी नेते एस. एम. जोशी पुण्यातून विधानसभेत, तर कम्युनिस्ट नेते डांगे मुंबईतून लोकसभेत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा वाटेवर समितीची काळे झेंडे घेतलेली माणसं उभी होती.

१ मे १९६०ला राज्य मिळालं आणि समितीचा एकमेव समान कार्यक्रम संपला. प्रजासमाजवादी बाहेर पडले.

१९६२च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल: २६४ पैकी काँग्रेस २१५, शेकाप १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६. एकाच मागणीवर उभी राहिलेली आघाडी ती मागणी पुरी होताच कशी विरते, ते इथे दिसतं; आघाड्यांवरचा आमचा हा अंक म्हणूनच समितीपासून सुरू होतो.