बॅग भरली, पण कॉक बंद केला का?

दिवाळीच्या सुट्टीची तारीख लागली की राजारामपुरी, शाहूपुरी, सायबर चौक भागातल्या फ्लॅटमधली निम्मी पोरं दोन दिवसांत गायब होतात. कुणी चंदगडला, कुणी कणकवलीला, कुणी जतला. चार्जर, कपडे, घरच्यांसाठी घेतलेला खाऊ सगळं आठवणीनं बॅगेत जातं. मागे राहतं ते पाणी. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण ते काम मालकाचं, नाहीतर प्लंबरचं, असं आपण धरून चाललोय.

मला हे पटत नाही. महिन्याचं भाडं आपण भरतो, मग फ्लॅटचा मेन कॉक कुठे आहे एवढं तरी आपल्याला माहीत हवं. मित्रांना विचारून बघा. वायफायचा पासवर्ड तोंडपाठ, पण कॉक? बहुतेकदा तो बाथरूममध्ये वरच्या बाजूला किंवा ड्राय बाल्कनीत असतो. तो बंद केला की टाकीचं पाणी तुमच्या घरात येणंच थांबतं.

घोळ कसा होतो ते बघा. निघायच्या सकाळी टाकी रिकामी असते. नळ फिरवला, पाणी नाही, आणि नळ तसाच उघडा ठेवून तुम्ही सीबीएस गाठता. दुपारी टाकी भरते. जाळीत केस अडकलेले असतात, पाणी तुंबतं, हॉलमध्ये येतं आणि मग खालच्या घराच्या छतातून ठिबकायला लागतं. खाली कुणी आजी-आजोबा राहत असतील, तर त्यांची दिवाळी बादल्या लावण्यात जाते. डिपॉझिटवरून होणारी भांडणं ती वेगळीच. कमोडजवळच्या जेट स्प्रेचंही तसंच. त्याच्या नळीत चोवीस तास दाब असतो, ती कधीही फुटू शकते.

साधी गळतीसुद्धा कमी नसते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रोज 20 लिटरच्या वर. तीन आठवड्यांचा हिशेब तुम्हीच करा. आणि हे कुठे, तर कोल्हापुरात! काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी या शहरानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि ते पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात पोहोचलं. 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली, तेव्हा चहूकडे पाणी असूनही लोक टँकरमागे पळत होते. राधानगरीचं धरण हाती घेणारे आणि बाहेरगावच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी करणारे शाहू महाराज एकच. असो, मुद्दा कॉकचा आहे.

कॉक निघायच्या दोन दिवस आधी फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक जाम झालेला असतो. पक्कड लावून जोर करू नका, मालकांना सांगा. खरं तर किल्ली देतानाच मालकांनी कॉक दाखवायला हवा. कॉक बंद केल्यावर बेसिनचा नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबली, तर कॉक चालतोय. मग तो नळ आठवणीनं बंद करा. भावा, इथंच गडबड होते. गीझरचा स्विच बंद केला की पुरे. परदेशातले व्हिडिओ बघून पाइप रिकामे करत बसू नका, आपल्याकडे पाइपात बर्फ होत नाही.

डास हा त्याहून गंभीर विषय. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे बंद फ्लॅटमधली भरलेली बादली म्हणजे त्याची सोयच. पाणी ओतून देणं पुरेसं नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात, म्हणून बादली घासून पालथी घाला. कॉक बंद केल्यावर एकदा फ्लश करा, म्हणजे फ्लशची टाकी रिकामी होईल. कमोडचं झाकण लावा. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रेही बघा.

आता प्रश्न, हे करायचं कुणी? चौघं चार वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. शेवटी निघणाऱ्याचं नाव ग्रुपवर टाका आणि बंद कॉकचा फोटो मागा. हसतील, हसू द्या.

परत आल्यावर कॉक हळू उघडा. सुरुवातीचं साचलेलं पाणी पिऊ नका, बादलीत धरा आणि फरशी पुसायला वापरा. तीन आठवड्यांची धूळ असणारच आहे.